वरच्या पट्टीतलं खत

येळवशीला लातूर ओस पडतं. मार्गशीर्षातली ही वेळ अमावस्या. आमच्या भागात दिवाळीलाही तिची सर नाही. दुकानांची शटरं खाली, रिक्षा नाहीत, चहाची टपरीसुद्धा बंद. ज्याला रान आहे तो घरच्यांना घेऊन रानात जातो, ज्याला नाही त्याला कोणी ना कोणी बोलावून नेतं. रस्त्यानं चाललेल्या अनोळखी माणसालाही बांधावरून 'या जेवायला' अशी हाक मारायची रीत आहे. त्या दिवशी घंटागाड्याही निघत नाहीत, कारण त्यांच्या ड्रायव्हरांनाही बोलावणी असतात.

सलग आठ येळवशी मी कचरा डेपोवर एकट्यानं काढल्या. कोणी बोलावत नव्हतं असं नाही. माझ्याकडं कामाला येणाऱ्या बायका दरवर्षी म्हणायच्या, आणि मी दरवर्षी 'मला येळ न्हाई' म्हणून त्यांना वाटेला लावायचो. मला एकाच रानाचं बोलावणं हवं होतं, आणि तिथून ते येत नव्हतं.

लातूरच्या बाजूला एका नगरपालिकेचा हा डेपो आहे. गावापासून लांब, बंद पडलेल्या दगडखाणीला लागून. तिथला प्रकल्प मी ठेक्यानं चालवतो. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा द्या म्हणून गाडीवरचं गाणं रोज सकाळी ओरडत असतं, आणि लोक ते गाणं ऐकत ऐकतच सगळं एका बादलीत आणून ओततात. भाजीची देठं, दाढीचं ब्लेड, बाळाचं डायपर, फुटकी कपबशी, देवाचा हार. त्या सगळ्याचा एकजीव झालेला ढीग माझ्या दारात येतो. सरकत्या पट्ट्यावर बायका चपला, चिंध्या, पिशव्या ओढून काढतात. उरलेल्याच्या लांब रांगा घालायच्या, वर शेणकाला, गूळ आणि आंबट ताक शिंपडायचं, आणि आठवड्याला लोडरनं पलटी मारायची. पुढचं काम ढीग स्वतः करतो. आत जाळ नसताना तो तापतो. थंडीच्या सकाळी सगळ्या रांगांमधून वाफ निघत असते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुठल्या तरी लग्नाच्या चुली पेटल्यात.

ढिगाचा ताप बघायला नगरपालिकेनं एक यंत्र दिलं होतं. ते कपाटात आहे. मी सळई वापरतो. लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खुपसायची, थोडा वेळ ठेवायची, ओढून काढायची आणि मुठीत धरायची. मूठ टिकली नाही तर ढीग अजून चालू आहे. निवांत धरता आली, वर खताला पावसाळी मातीचा वास आला, तर पिकला. मग तो फिरत्या जाळीत घालायचा. पिंपासारखी आडवी, गरगर फिरणारी जाळी. आधी मोठ्या भोकांची, मग बारीक भोकांची. मोठ्या जाळीत चिंध्या आणि दगड अडतात. बारीक जाळी मुख्यतः काचेसाठी. प्लास्टिक वाऱ्यानं उडवता येतं, लोखंड चुंबकानं ओढता येतं. काच मातीसारखीच जड असते आणि मातीत पडली की मातीसारखीच गप्प बसते. म्हणून माझा नियम होता: बारीक जाळीतून काढल्याशिवाय शेतकऱ्याला एक पाटीसुद्धा द्यायची नाही.

या धंद्यात आलेल्या माणसाकडं पाव्हणे येत नाहीत. वासाला माणूस दोन दिवसांत सरावतो, पण तो वास आपल्या अंगाला आहे हे समोरच्याच्या नाकावरून रोज कळत राहतं. माझ्यासाठी तीन ठिकाणी मुली बघून झाल्या. तिन्ही ठिकाणी 'पोरगं कमावतं हाय' इथपर्यंत बोलणं नीट चालायचं, मग 'कशात हाय?' असा प्रश्न यायचा. पुढं मी बघायचं बंद केलं. डेपोवर पत्र्याची एक खोली आहे, तिथंच राहतो. शहरातलं कोणी मला ओळखत नाही. मी मात्र शहराला ओळखतो. कोणत्या वॉर्डात औषधं वाढली, कुठं लग्न होऊन गेलं, कुठल्या कॉलनीत लोक सबंध भाकरी फेकतात, मला पट्ट्यावर दिसतं. पण असली ओळख सांगायला माणूस लागतो, आणि संध्याकाळी बायका गेल्या की तिथं माणूस नसतो.

मी मूळचा मुखेडकडचा. आई गेली तेव्हा मला फारसं कळत नव्हतं. वडिलांनी दुसरा संसार मांडला आणि मामानं मला त्याच्या घरी नेलं. मामाची जमीन काळी, विहिरीची. मामीनं मला पोटच्या पोरासारखं वाढवलं. मामानं वाढवलं ते गड्यासारखं, पण उपाशी ठेवलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. दहावीत नापास झाल्यावर मी नांदेडला गेलो आणि हातगाडीवर भंगार घेऊ लागलो. बोलणी करायची अक्कल मला नांदेडच्या गल्ल्यांनी दिली. रद्दीचे गठ्ठे आतून भिजवून विकणारे, पत्र्याच्या डब्यात वाळू भरणारे, सगळे मला फसवून शहाणं करून गेले. तेव्हा दोन गोष्टी पक्क्या झाल्या. पहिला भाव आपण बोलायचा नाही. आणि समोरचा बोलला की गप्प बसायचं. गप्प बसणाऱ्या माणसाला लोक घाबरतात. गप्प बसणं मला सौद्यात जमतं. एरवी माझं डोकं काडीसारखं पेटतं.

डेपोचा ठेका मिळाला त्या वर्षीची येळवस. मी पेढ्यांचा पुडा घेऊन मामाच्या रानात गेलो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घातलेलं, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. पंचवीस-तीस माणसं जमलेली. पूजेला आंबिलीचं मडकं पुढं घ्यायचं होतं, मी सहज हात घातला.

"थांब," मामा म्हणाला. "हात धुऊन ये."

"धुतले की मामा."

"परत धू."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. मी विहिरीवर गेलो, हात धुतले, आणि तिथून सरळ सडकेला लागलो. मामाच्या हातालाही उभा जन्म शेणच लागलेलं होतं, हे मला एसटीत बसल्यावर सुचलं. चांगलं उत्तर मला नेहमी एसटीत सुचतं. मग आठ वर्षं मी त्या गावाच्या हद्दीत पाय ठेवला नाही. मामी मधूनच चोरून फोन करायची, 'जेवलास का' विचारायची आणि मामा दारात आला की ठेवून द्यायची. मी ते उत्तर घोळवत राहिलो. सळई धरताना घोळवलं, गाडीवाल्यांशी भांडताना घोळवलं.

गेल्याच्या गेल्या वर्षी पावसाळा सरत आला असताना एका दुपारी फोन वाजला.

"मी बोलतोय."

"कोण मी?" आवाज ओळखला होता, तरी विचारलं.

"तुझा मामा." मग थोडं थांबून, "हदगावकडचा एक हळदवाला भेटला मोंढ्यात. तुझ्याकून खत नेलं म्हनं. रान लोण्यावानी झालं म्हनत व्हता."

"झालं असंल."

"आमच्या रानाला आता शेणच न्हाई. बैलं इकली. ट्रॅक्टरनं नांगरून नांगरून निस्ती ढेकळं निघून राहिली."

मी गप्प.

"हायेस का?"

"हाय."

"एक टिपर धाड. काय भाव असंल तो घे."

"पैशात देत न्हाई मामा."

"मंग कशात?"

"येळवशीला चर मी शिंपणार."

येळवशीची पूजा झाली की आंबिलीचं मडकं घेऊन रानाभोवती फेरी घालतात, ती चर. पुढचा माणूस आंबील पिकावर शिंपडत जातो आणि एक जुना कानडी बोल मोठ्यानं म्हणतो. त्याचा अर्थ आता कोणालाच नीट सांगता येत नाही, पण तो म्हटला की मागचे सगळे एका आवाजात त्याला उत्तर देतात. फेरी अनवाणीच घालायची. त्या दिवशी रानात कोणी चप्पल घालत नाही. आणि मडकं धरायचा मान रानाच्या मालकाचा. ज्या मडक्याला हात लावू दिला नाही, तेच मी मागत होतो.

"रान माझं हाय," मामा म्हणाला.

"खत माझं हाय."



"बरं," मामा म्हणाला. "पर आधी वरची पट्टीच. समद्या रानात न्हाई. पीक बघू, मंग पुढचं."

मी मनात हसलो. माझी घासाघीस नांदेडची आहे असं मी समजत होतो. ती घरचीच होती.

खताचा एक ढीग मी त्या दिवसापासून वेगळा काढला. त्याला दुप्पट ताक दिलं. स्वतः पलटी मारून घेतली. आणि मग परतीचा पाऊस आला आणि मुक्कामाला बसला. ढिगावर ताडपत्री टाकली तरी खालून ओल चढली. खत पिकलं होतं, सळई हातात गार लागत होती, पण मूठ दाबली तर गोळा व्हायचा. असलं ओलं खत बारीक जाळीत घातलं की भोकं चिखलानं बुजून जातात, जाळी नुसतीच फिरते आणि खाली काही पडत नाही. आठ-दहा दिवस ऊन मिळायला हवं होतं.

मामाचा फोन आला. "वाफसा आलाय. परवा पेरणीला तिफण धरायची. उद्या सांजच्यापातूर आलं तर आलं, न्हाई तर ऱ्हाऊ दे."

मी म्हणू शकलो असतो, मामा, खत ओलं आहे, पुढच्या हंगामाला देतो. पण खत नाही तर सौदा नाही, आणि सौदा नाही तर येळवस नाही. आणखी एक वर्ष त्या पत्र्याच्या खोलीत बसून लांबच्या रानांतल्या आरोळ्या ऐकायच्या. मी लोडरवाल्याला म्हटलं, मोठ्या जाळीतूनच काढ.

पट्ट्यावरच्या बायकांची मुकादम एक पन्नाशीची बाई आहे. माझ्याशी तोंड उघडून बोलणारी तेवढी एकच. ती जवळ आली.

"साहेब, बारीक जाळीतून न्हाई काढायचं?"

"जाळीनं चिखल धरलाय, दिसंना का?"

"काच चमकून राहिली त्याच्यात. तुमच्या मामाचं रान हाय म्हनता ना?"

"म्हणूनच! मला शिकवू नको. काम कर."

मी एवढ्यानं ओरडलो की लोडरवाल्यानं इंजिन बंद केलं. तिनं आणखी दोघींना घेतलं आणि तिघींनी पट्ट्यावर वाकून सरकत्या खतातून दुपारभर हातानं काच वेचली. संध्याकाळी घमेलं भरून माझ्यापुढं ठेवलं. मी त्या घमेल्याकडं बघितलं आणि मनाला सांगितलं, एवढी निघाली म्हणजे आता आत नाही. भरलेल्या घमेल्याचा असा अर्थ होत नसतो, हे भंगारात उमेदीची वर्षं घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला कोणी सांगायला नको होतं. टिपर निघाला.

येळवशीला मी पांढरा सदरा घालून मुखेडची गाडी धरली. गाडी जवळजवळ रिकामी होती. बांधावर मामी उभीच होती. आठ वर्षांत ती लहान झाल्यासारखी वाटली. "वाळलास," म्हणाली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मामानं नुसती मान हलवली. कोपीत पूजा झाली. मामानं मडकं उचललं, कोणाकडं न बघता माझ्यापुढं धरलं.

"घे."

एवढंच. मी घेतलं. छातीशी धरलं.

फेरी वरच्या पट्टीपासून सुरू झाली. त्या पट्टीतली ज्वारी छातीला लागत होती, बाकीच्या रानापेक्षा वीतभर उंच आणि रंगानं काळीशार हिरवी. लोक मागं चालता चालता बोलत होते.

"पट्टीची ज्वारी बगा की. पानाला हात लावला तर हिरवा लागंल."

"भाच्यानं सोनं टाकलं म्हना."

"सोनं कशाचं? लातूरकरांचं उष्टं हाय ते!" मामाचा एक चुलत भाऊ म्हणाला.

सगळे हसले. मामाही हसला. मीही हसलो, आणि ते हसणं मला लागलं नाही. मी बोल म्हटला, मागून तीस जणांचं उत्तर आलं. पाठीला कोणी हात टेकवावा तसं ते उत्तर येतं. मी आणखी मोठ्यानं म्हटलं.

पट्टीच्या कोपऱ्यावर, जिथं टिपर ओतला होता तिथं, माझ्या डाव्या टाचेत काच शिरली.

पाय टेकताच मला कळलं की ती काच आहे आणि माझीच आहे. मी थांबलो नाही. थांबायचं म्हणजे वळून सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे मडकं खाली ठेवायचं. मी मनात भाव करायला लागलो. टिपर इथंच ओतला, म्हणजे इथंच जास्त असणार. आणखी दहा-बारा पावलं आणि कोपरा संपला. मागचे माझ्याच पावलावर पाऊल ठेवून थोडेच येणार. मी टाच उचलून चवड्यावर चालू लागलो आणि बोल म्हटला. उत्तर आलं. परत म्हटला.

"आई गं," मामी मागं म्हणाली.

ती माझ्या लगेच मागं होती. मी वळलो तेव्हा ती सरीत बसलेली होती आणि तळपायातून रक्त येत होतं. मामीला साखरेचा आजार आहे, तिच्या पायाला खरचटलं तरी घरात काळजी असते. तिनं पायातून काहीतरी उपसलं आणि मूठ मिटली.

"काही न्हाई," ती म्हणाली. "माझीच बांगडी वाढवली जनू."

बायकांचे हात आपापल्या बांगड्यांवर गेले. सणाच्या दिवशी, चर चालू असताना, सवाष्णीची बांगडी फुटणं हा केवढा अपशकुन, हे तिला त्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. बांगडी फुटली असा शब्दसुद्धा ती कधी उच्चारत नसे. तो अपशकुन तिनं आपण होऊन स्वतःवर ओढून घेतला.

मामा पुढं आला. त्यानं तिचं मनगट धरलं, मूठ उघडली. आत लाल काचेचा तुकडा होता.

"तुझ्या हिरव्या हायत," तो म्हणाला. "ही लाल कुणाची?"

मामा खाली बसला आणि बोटानं माती उकरू लागला. एक निळा तुकडा निघाला. एक बल्बचा, पातळ, वळलेला. एक पांढरा, कपाच्या कानाचा. प्रत्येक तुकडा तो फुंकर मारून तळहातावर ठेवत होता, बी निवडावं तसा. तळहात भरत आला तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं.

त्यानं शिवी दिली असती तर माझ्याकडं आठ वर्षांची उत्तरं तयार होती. लोक मिसळून टाकतात त्याला मी काय करू. तुम्हीच घाई केली. तुमच्या हाताला काय अत्तर होतं. सगळी जिभेवर येऊन उभी होती.

"तुला ठाव व्हतं?" त्यानं हळू विचारलं.

"पाऊस होता मामा. जाळी..."

"पावसाचं न्हाई इचारलं."

मी खाली बघितलं. मामानं ते तुकडे आपल्या उपरण्यात बांधले, मामीच्या पायाला कोणाचा तरी रुमाल गुंडाळला आणि लोकांना म्हणाला, "समदे माघारी फिरा. आल्या वाटनं जाऊ नका, बांधावरून जावा. पाय बघून टाका."

लोक एकेक करून बांधावर चढले. मी मडकं त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते घेतलं नाही.

"तुझा सौदा व्हता," तो म्हणाला. "चर अर्धी ठेवत नसतेत. पुरी कर."

आणि मामीला आधार देत तो कोपीकडं गेला.

मी फेरी पुरी केली. मामाचं रान पाच-सहा एकर आहे, आणि त्या दिवशी ते संपेना. मी आंबील शिंपडत होतो आणि बोल म्हणत होतो. बोल म्हटल्यावर उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबत होतो, सवयीनं. शेजारच्या रानात त्यांची फेरी चालू होती. त्यांचा पुढचा माणूस ओरडायचा आणि त्याची माणसं त्याला उत्तर द्यायची, ते मला स्पष्ट ऐकू यायचं. एकदा तर माझा बोल आणि त्यांचं उत्तर असं जुळलं की क्षणभर मी मागं वळून बघितलं. मागं ज्वारी होती. तिसऱ्या बांधापाशी आंबील संपली. उरलेली फेरी मी रिकामं मडकं झटकत गेलो.

कोपीपाशी आलो तेव्हा पंगत बसली होती. माझं पान वाढलेलं होतं. मी बसल्यावर कोणी उठून गेलं नाही. मामी लंगडत आली आणि माझ्या पानात परत भज्जी, येळवशीची डाळी-शेंगांची भाजी, वाढली. मी सगळं जेवलो आणि संध्याकाळी रानाभोवती फिरवायची मशाल पेटायच्या आत निघालो.

मामीची जखम भरायला दीड महिना लागला. मुखेडच्या दवाखान्यात एका दिवसाआड पट्टी बदलायला जावं लागायचं. मी रोज फोन करायचो. फोन मामीच उचलायची. मधल्या काळात मी तीनदा त्या रानात जाऊन काच वेचली. ज्वारीच्या धाटांमधून ओणवं होऊन, एका हातात चाळण घेऊन. मामा बांधावर बसून असायचा. मदत करायचा नाही आणि नको असंही म्हणायचा नाही. संध्याकाळी मी चाळण घेऊन त्याच्यासमोरून जायचो. तिच्यात काय आहे हे तो बघायचा नाही.

तेव्हापासून मी शेताला खत देत नाही. बारीक जाळीतून काढलं तरी देत नाही. रस्त्याच्या मधल्या झाडांना देतो, खाण बुजवायला देतो. हदगावचा हळदवाला दोनदा येऊन गेला, भाव वाढवून गेला. त्याला मी हाकलून लावलं, आणि कारण सांगितलं नाही. मुकादम बाईला मात्र सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी तवाच म्हनलं व्हतं." मला राग आला, पण ओरडता आलं नाही.

मामावरचा माझा राग मात्र गेलेला नाही, खोटं सांगण्यात अर्थ नाही. 'परत धू' हे त्यानं म्हटलं तेव्हा माझी काहीच चूक नव्हती. ते अजूनही तसंच आहे. फक्त आता ते मला कोणापुढं मांडता येत नाही. मांडायला गेलो की लाल तुकडा मध्ये येतो.

ज्वारीची रास झाल्यावर एक दिवस गावाकडचा पिकअपवाला डेपोवर आला आणि चार पोती उतरवून गेला. "मामानं धाडली," एवढंच म्हणाला. मी एका पोत्याची सुतळी सोडली. मोत्यासारखा दाणा होता, टपोरा. एक मूठ घेतली, वास घेतला. मला वाटलं, झालं, मिटलं. मी हात न धुताच मामीला फोन लावला.

"ज्वारी पोचली मामी. भाकर कशी होतीय? गोड हाय का?"



"आमी खाल्ली न्हाई रे. वरच्या पट्टीची समदीच तुला धाडली. हे म्हनले, त्याची हाय, त्याला दे. घरात एक दाना ठिवला न्हाई."

मी पोत्याची सुतळी परत बांधली.

"राग धरू नको," ती म्हणाली. "तुझा पाय बरा झाला का?"

माझ्या पायाचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मामीला नाही, डॉक्टरलाही नाही. काच मी एसटीतच काढली होती.

"कोणता पाय?" मी म्हटलं.

"डावा. टाच उचलून चालत व्हतास. मी मागंच व्हते की."

म्हणजे तिच्या पायात काच जायच्या आधी मला गेली होती, मला कळलं होतं आणि मी चालत राहिलो होतो, हे तिला माहीत होतं. आणि ते माहीत असून तिनं बांगडीचं नाव घेतलं. मी तिला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिकडं दार वाजलं आणि तिनं फोन ठेवला.

एकट्या माणसाला चार पोती ज्वारी किती वर्षं पुरेल कोण जाणे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पट्ट्यावरच्या बायकांना बोलावलं आणि पोती सोडून दिली. त्यांनी पदर पसरले, पिशव्या आणल्या. मुकादम बाईनं मूठभर दाणे तळहातावर घेऊन उन्हात धरले, फुंकर मारली, निरखून बघितले.

"कुनाच्या रानातली?"

"मामाच्या."

"एवढी धाडली? मामा लई जीव लावतो वाटतं तुमाला."

"हाव," मी म्हटलं, आणि तिच्या पिशवीचं तोंड धरून उभा राहिलो.